ओंजळभर पाण्याची चौदा वर्षं

पाण्याची बाटली इथंच ठेवा आणि चला. जिथं निघालो आहोत तिथं ती बरोबर असली, तर तुम्हाला काहीच कळणार नाही.

शनिवार, 19 मार्च 1927. कुलाबा जिल्ह्यातलं महाड. सावित्रीच्या काठचं व्यापारी गाव, आसपासच्या खेड्यांतली माणसं इथं बाजारहाटाला येतात, कचेरीच्या कामाला येतात. कोकणातला मार्च आधी घाम काढतो आणि मग तहान लावतो. दुपार व्हायच्या आत तुमच्या घशाला कोरड पडली आहे. गावाच्या मध्यावर तळं आहे असं कुणी सांगतं, आणि तुम्ही तिकडं वळता.

तळं मोठं आहे, चार-पाच एकरांचं. थोडं पाणी पावसाचं, थोडं आतल्या झऱ्यांचं. चहूकडून नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं, त्यांत एखाददुसरं मुसलमानाचं. बाया कळश्या बुडवताहेत. एका कडेला एक म्हैस पाण्यात उतरून निवांत पितेय. तुम्ही काठाशी पोचता तोच कुणीतरी विचारतं, "कुठचे तुम्ही?" तुम्ही गाव सांगता. मग आडनाव विचारलं जातं. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर सरळ जात.

तुमचं उत्तर काय असेल ते मला माहीत नाही, तुम्हाला आहे. पुढचं सगळं त्यावर ठरेल. एका उत्तराला कळशी पुढं होईल, ओट्यावर बसायला जागा मिळेल. दुसऱ्या उत्तराला कळशी मागं सरेल आणि तुम्हीही मागं सरायचं. म्हैस मात्र पाण्यातच राहील. मुसलमानाला या पाण्याची बंदी नाही, ख्रिस्ती माणसाला नाही. बंदी आहे ती महारांना, चांभारांना, मांगांना. त्यांची घरं तळ्याच्या आसपास कुठंच नाहीत, पण कामासाठी त्यांना महाडला आल्यावाचून गत्यंतर नाही.

धरून चालू, तुम्ही दुसरं उत्तर दिलंत. या प्रवासात तिथूनच जास्त दिसतं.

आता पाय मांडवाकडं वळवा. तिथं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आहे. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे गेले काही महिने तिच्या मागं होते. माणसं हजारोंनी आली आहेत, खेड्यापाड्यांतून, बरीचशी पायी, काखेत भाकरी बांधून. पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक गर्दीतही ओळखू येतात, ते उभेच तसे राहतात. अध्यक्ष आहेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, वय वर्षं 35, मुंबई कायदे मंडळाचे नवे सभासद. इथं तुम्हाला पाणी मिळेल. ते विकत आणलेलं आहे, चाळीस रुपयांचं, सवर्णांकडून. भरल्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर चाळीस रुपयांचं पाणी! घोट घेताना हिशेब करू नका, ठसका लागेल.

यातली खरी मेख तुम्हाला अजून कळलेली नाही. ज्या तळ्यावरून तुम्हाला परतवलं, ते तळं कायद्यानं तुम्हाला खुलं आहे. आजच नव्हे, तीन वर्षांपासून.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. 4 ऑगस्ट 1923, मुंबई कायदे मंडळ. सीताराम केशव बोले एक ठराव मांडतात आणि तो मंजूर होतो: सरकारी पैशानं बांधलेले, सरकारी पैशानं चालणारे किंवा कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. या वाक्याची बांधणी लक्षात ठेवा. त्यात दया नाही, धर्म नाही, पैसा आहे. ज्या पाणवठ्याला सार्वजनिक पैसा लागला तो सार्वजनिक, इतकी साधी गोष्ट. 5 जानेवारी 1924 ला महाडची नगरपालिकाही हा ठराव मान्य करते. त्या काळी तिचं अध्यक्षपद सुरेंद्रनाथ टिपणीसांसारख्या सुधारकाकडं आलेलं. कागद तयार होतो, सही होते, आणि तो दप्तरात जातो. त्यानंतर तळ्यावर एकही अस्पृश्य फिरकलेला दिसत नाही. ठराव पाळला जातोय की नाही हे बघण्याचं काम कुणाकडंच नसतं, आणि काठावर राहणाऱ्यांना ठरावापेक्षा एकमेकांची नजर जास्त ओळखीची असते.

म्हणजे 1927 च्या मार्चमध्ये हक्क मागायचा नव्हताच, तो चालत जाऊन घ्यायचा होता.

रविवार, 20 मार्च. परिषद संपत आलेली. आभार मानून झालेत, माणसं उठण्याच्या बेतात आहेत, बांधाबांध सुरू झाली आहे. तेवढ्यात अनंतराव चित्रे उभे राहतात. जातीनं ते कायस्थ, त्यांना या तळ्यावर कुणी अडवलं नसतं. ते म्हणतात, एक काम राहून गेलंय. नगरपालिकेनं खुल्या केलेल्या तळ्यावर सगळ्यांनी मिळून जायचं.

मांडवात काय झालं असेल याची कल्पना करायला इतिहासकार लागत नाही. तुम्ही कालच त्या तळ्यावरून परत आलेले आहात. शेजारच्या म्हाताऱ्याकडं बघा. त्याचं सगळं आयुष्य या गावात येण्याजाण्यात गेलं असेल, तळं त्यानं हजारदा पाहिलं असेल आणि प्रत्येक वेळी अंतर राखून. तो उठतो. धोतर सावरतो. मांडवातले सगळेच उठतात.

मोर्चा निघतो. रांगा शिस्तीच्या, आरडाओरडा फारसा नाही. बाजाराच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरची माणसं उभी राहून बघताहेत. एवढी माणसं, एवढ्या शांतपणे, या रस्त्यानं कधी चालली नव्हती. तुम्हाला पुढचं दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ आणि धुरळा दिसतोय. मग रांग थबकते. आंबेडकर पायऱ्या उतरतात, वाकतात, ओंजळ भरतात आणि पितात.

त्यांच्यामागून सगळेच उतरतात. कुणी पितं, कुणी नुसतंच हात बुडवून बघतं. तुमची पाळी येते. पाण्याला काही विशेष चव नाही. तळ्याचं नाव चवदार असलं तरी. पण तुम्ही ते घटाघटा पीत नाही, हळू पिता, इथं कोणी बघतंय याची पुरती जाणीव ठेवून.

पुढं डिसेंबरात, याच गावी, आंबेडकर आपल्या भाषणात या ओंजळीबद्दल बोलणार आहेत. त्यांचा आशय असा, की या तळ्याचं पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही आणि आजवर न प्यायल्यानं मेलोही नाही. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे ठरवायला आपण इथं आलो. महाडची गोष्ट सांगताना लोक तहानेवर फार भर देतात. मला ते पटत नाही. तहान तर चाळीस रुपयांतही भागली होती.

तळ्यावरून परतलेले लोक मांडवात जेवायला बसलेत. काहीजण गावाच्या वाटेला लागलेत. दोनेक तासांत गावात अफवा उठते: हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा विचारही कुणाच्या मनात नव्हता. पण जमाव अफवेची शहानिशा करायला थांबत नसतो, त्याला निमित्त पुरतं. काठ्या घेतलेली माणसं मांडवात घुसतात. पंगतीवर लाथा बसतात, अन्न मातीत मिसळतं. पळा! गल्लीत एकटादुकटा दिसलेला मार खातो. काही माणसं मुसलमानांच्या घरांत आसरा घेतात, आणि ती दारं उघडतात. ज्यांची घरं तळ्याकाठी होती, जी तिथलं पाणी पीत होती आणि तरीही तळ्याच्या भांडणात कुणाच्याच बाजूची नव्हती, अशा माणसांची ही दारं.

बंगल्याकडं चला. आंबेडकर तिथं उतरलेत. आवारात शंभरेक माणसं उभी आहेत, त्यांत पलटणीतले जुने सैनिक. त्यांच्या मुठी आवळलेल्या आहेत आणि त्यांना एका शब्दाची वाट आहे. शब्द मिळाला असता तर महाडची ही संध्याकाळ निराळी झाली असती आणि आपण आज कदाचित वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो. तो शब्द आंबेडकर देत नाहीत. संयम धरा, कायदा हातात घेऊ नका, एवढंच सांगतात. डोकी फुटलेली माणसं शेजारी पडलेली असताना हे सांगणं सोपं नव्हतं आणि ऐकणं त्याहून अवघड होतं. माझ्या लेखी त्या दिवशीचं मोठं काम पाणी पिणं नव्हतं, बंगल्यावर थोपवून धरलेले ते शंभर हात होते. तळं पुढं कधीकाळी दोन्ही बाजूंचं व्हायचं असेल, तर त्याच्या काठावर रक्ताचा हिशेब उरलेला चालणार नव्हता.

हल्लेखोरांपैकी काहींना पुढं चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. गावानं आपली बाजू वेगळ्या पद्धतीनं मांडली. तळ्याचं शुद्धीकरण करायचं ठरलं. एकशेआठ घागरी पाणी उपसलं, पंचगव्य घातलं, मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेण आणि गोमूत्र घालून पवित्र! हा विनोद मी रचलेला नाही. 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव मागंही घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

इथून थेट डिसेंबरात उतरू, कारण तिथं बरंच काही आहे.

25 डिसेंबर 1927. सत्याग्रह परिषद. मुंबईची मंडळी पद्मावती बोटीनं दासगावच्या बंदरात उतरून पायी महाडला आली आहेत. गावातले दुकानदार काही विकायला तयार नाहीत, शिधा बाहेरून आणावा लागला आहे. मांडवाला जागा कुणी हिंदू देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जमीन दिली. मांडवात एकच तसबीर आहे, गांधींची. पुढच्या काळातली आंबेडकर-गांधी तेढ डोक्यात ठेवून आलेल्या तुमच्यासारख्या प्रवाशाला हे दृश्य बुचकळ्यात टाकतं.

परिषदेआधी एक गोष्ट घडून गेली होती. जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंबा देऊ केला होता. अट एकच, ब्राह्मणांना सत्याग्रहात घ्यायचं नाही. आंबेडकरांनी ती नाकारली. आपलं भांडण ब्राह्मणांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका. राजकारणात ताकद हवी असलेल्या माणसाला ही अट मान्य करणं किती सोयीचं होतं! तरी ती नाकारली गेली. म्हणून 25 डिसेंबरच्या रात्री, नऊच्या सुमारास, चंदनाची लाकडं रचलेल्या खड्ड्याशी जे घडलं ते घडू शकलं. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते ब्राह्मण. अनुमोदन पां. ना. राजभोज यांचं. ते चांभार. पानं जळताना तुम्ही मांडवातल्या चेहऱ्यांवरचा उजेड बघता. जात कुठली, हे त्या उजेडात ओळखू येत नाही.

तळ्यावर मात्र जाता येत नाही. 12 डिसेंबरला काही सवर्ण मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा ठोकला आहे: तळं खासगी आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त सवर्णांचा. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आहे. हजारो लोक तयारीनं आलेत, नावं नोंदवून तुरुंगात जायची भाषा करताहेत, आणि त्यांना सांगायचं की परत जा. कलेक्टर येऊन बोलतात. रात्रभर खल चालतो. शेवटी ठरतं, लढाई सरकारशी नाही आणि न्यायालयाचा हुकूम मोडून आपली बाजू लंगडी करायची नाही. माणसं पाणी न पिता परतली. पण रिकाम्या हातानं नाही. याच मुक्कामात आंबेडकर स्त्रियांच्या सभेत बोलले: नेसण्याची, दागिन्यांची जी तऱ्हा तुमची जात दुरूनच सांगते ती टाकून द्या. दुसऱ्या दिवशी कित्येकींचं लुगडं वेगळ्या धाटणीनं नेसलेलं होतं. तळ्याचा निकाल लागायला दहा वर्षं लागली, या निकालाला एक रात्र.

कोर्टाचा काळ भराभर उलटू, तो कंटाळवाणा आहे. फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई उठली. महाडच्या न्यायालयात 1931 ला निकाल, मग ठाण्याला अपील, 1933 मध्ये तिथंही दावा फेटाळला, मग मुंबईच्या उच्च न्यायालयात. 17 मार्च 1937, बुधवार. तळ्यावरच्या त्या रविवारला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी आहेत. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड निकाल देताहेत. नाव ओळखीचं वाटतंय? 1922 मध्ये अहमदाबादेत गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा देणारे ते हेच.

निकाल नीट ऐका. टाळी वाजवायची घाई नको. न्यायालय असं म्हणत नाही की माणसाला पाण्यावरून हटकणं अन्याय आहे. ते म्हणतं, तळं नगरपालिकेचं आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. प्रथा वाईट आहे म्हणून ती हरली नाही, ती पुरेशी जुनी असल्याचा पुरावा मिळाला नाही म्हणून हरली. उद्या कुणी शेकडो वर्षांपूर्वीचा एखादा कागद काढला असता तर? चौदा वर्षांची सगळी धडपड त्या एका कागदाच्या अभावावर टेकलेली होती. महाडचा विजय म्हणून हा निकाल सांगितला जातो आणि तो आहेच. पण आंबेडकरांसारख्या वकिलाला त्यातली ठिसूळ जागा दिसली नसेल असं मला वाटत नाही.

शेवटचा थांबा दिल्ली. 29 नोव्हेंबर 1948, घटना समितीचं सभागृह. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम संमत होतं आहे, आजचं कलम 17. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण आहेत तुम्हाला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या महाडच्या खटल्यात ते प्रतिवादी होते. तुम्ही मात्र तिथून दोन पानं मागं उलटा, कलम 15 चं दुसरं पोटकलम काढा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची तिथं यादी आहे, आणि त्या यादीत विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. अट कोणती? ते पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेले असावेत, किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेले असावेत. 1923 च्या बोल्यांच्या ठरावातलंच वाक्य हे, फक्त आता ते दप्तरात जाऊ शकत नाही, आणि रूढी किती जुनी हा प्रश्न कुणाला विचारायची सोयही नाही. जगातल्या किती राज्यघटनांमध्ये तळ्याचा उल्लेख असेल?

आता परत या. महाडच्या तळ्याकाठी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. दर 20 मार्चला तिथं देशभरातून माणसं लोटतात. पायऱ्या उतरून ओंजळ भरतात. लहान मुलांना कडेवरून खाली उतरवून त्यांचे हात पाण्याला लावतात. पुस्तकांच्या पथाऱ्या लागतात. सामाजिक सक्षमीकरण दिन म्हणून सरकारी कॅलेंडरातही हा दिवस आहे.

'एकतेचं प्रतीक' हे शब्द अशा दिवशी व्यासपीठावरून हमखास ऐकू येतात, आणि ते खोटे नाहीत. पण ही एकी तळ्यानं दिली नाही. चित्र्यांनी उभं राहण्यात, टिपणीसांच्या पालिकेच्या सहीत, सहस्रबुद्ध्यांच्या ठरावात, फत्तेखानच्या जमिनीत, उघडलेल्या त्या मुसलमानी दारांत आणि जेधे-जवळकरांच्या अटीला मिळालेल्या नकारात ती थोडी थोडी जमली. या सगळ्यांना गावानं शहाणपणाचं प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. एकीचे कार्यक्रम आता सोपे झालेत, तेव्हा तिच्यासाठी आपल्याच आळीशी वैर पत्करावं लागत होतं.

आणखी एक. व्यासपीठावर तळं सोयीचं असतं, आग गैरसोयीची. पाण्याबद्दल सगळेच गोड बोलतात, 25 डिसेंबरच्या रात्रीवर आले की आवाज खाली येतो. त्या जागी महाडातच क्रांतिस्तंभ उभा आहे. 25 डिसेंबर अनेक संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, कारण मनुस्मृतीनं बायकांनाही मोकळं सोडलेलं नव्हतं. मार्चात तळ्यावर जाणार असाल तर तिथंही जाऊन या, आणि बरोबरच्यांपैकी कोण तळ्यावरूनच परत फिरतं ते बघा.